दारचा मांडव: ऋषिपंचमीच्या भाजीपर्यंत पोचायचं तर आत्तापासून

मांडवकर (कुडाळ), १८ मे

परसबागेवर इथे बरेच धागे आहेत, पण बहुतेक टोमॅटो, मिरची आणि कुंडीतल्या पुदिन्यापाशी थांबतात. पावसाळी वेलभाज्यांवर सलग चर्चा कुठेच सापडली नाही, म्हणून हा धागा. दोडका, पडवळ, दुधी, कारलं, काकडी, तांबडा भोपळा यांच्यावर सगळ्यांनी लिहावं. फळझाडांचे प्रश्नही चालतील.

मी दरवर्षी एकच तारीख डोळ्यांपुढे ठेवतो, ती ऋषिपंचमीची. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, म्हणजे नांगरटीचं काही नको. परड्यात हाताने खणून लावलेलं तेवढंच ताटात येतं. अळू, लाल माठ, भेंडी, पडवळ, दोडका, तांबडा भोपळा, मक्याचं कणीस, सुरण असं सगळं एका भाजीत. हल्ली या भाजीचे वाटे बाजारात विकत मिळतात. ज्यांच्या दारात हातभर जागा आहे त्यांनी निदान या एका दिवसापुरती भाजी घरची करावी असं मला मनापासून वाटतं. या व्रताने आपल्याकडे परसबाग टिकवून धरली आहे.

आता हिशेब. पंचमी ऑगस्टच्या चौथ्या आठवड्यापासून सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत कधीही येते, तेव्हा तिथून मागे मोजत यायचं. काकडी ४०-४५ दिवसांत सुरू होते. दोडका ५०-६०, दुधी आणि कारलं साधारण ५५-६५, पडवळाला त्याहून थोडं जास्त. तांबड्या भोपळ्याला तीन महिने तरी द्यावेच लागतात, त्यामुळे तो सगळ्यांत आधी, रोहिणी नक्षत्रातच (मेअखेरीस). बाकीचे वेल मृगाच्या आसपास, म्हणजे ७-८ जूनच्या आगेमागे. लाल माठ महिन्याभरात काढायला येतो, तो श्रावणात पेरला तरी पुरे. आत्ता लावलेला सुरण मात्र या पंचमीला मिळणार नाही, त्याला सात-आठ महिने लागतात.

वेलांच्या मुळांना धक्का सोसत नाही. म्हणून बी करवंटीत किंवा कागदी पेल्यात रुजवावं आणि दोन खरी पानं आली की मातीच्या गोळ्यासकट लावावं. पडवळ आणि कारल्याच्या बीचं कवच टणक असतं. टोकाकडे नखकात्रीने जरा कातरून रात्रभर पाण्यात भिजवलं की लवकर रुजतं.

कोकणात वेल खड्ड्यात लावू नका. आमच्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, खड्ड्यात मुळं कुजतात. वीतभर उंच वरंबा करा, त्यात कुजलेलं शेणखत आणि पालापाचोळा घाला. देशावर उलट आळं करतात, तिथे ते योग्यच.

मांडव डोक्याच्या वर हातभर तरी हवा, म्हणजे खाली उभं राहून काम करता येतं. बांबू नाहीतर पोफळीचे खांब, वर काथ्याची जाळी किंवा वाळक्या फांद्या. मांडव आधी बांधायचा, वेल मागून. वेल हातभर वाढल्यावर खांब ठोकले तर मुळं दुखावतात.

आणि एक आग्रह. भर पावसात टोमॅटोच्या मागे लागू नका. करपा येतो, फळ तडकतं, माणूस कंटाळतो आणि बागकामच सोडतो. या दिवसांत वेलांना मान द्या.

---

गच्चीवर_सुमेधा (पुणे), १८ मे

सुंदर धागा. आमची बाग गच्चीवर आहे आणि मांडवासाठी लोखंडी चौकट आहे. दुधीला केवढी कुंडी लागेल? की विटांचा वाफाच करावा? मिस्त्री म्हणतो सगळ्या गच्चीवर फूटभर माती टाकून देतो.

---

सिव्हिलचा_माणूस, १८ मे

सुमेधाताई, मिस्त्रीला आधी थांबवा. जिथे माणसांची ये-जा असते अशा गच्चीसाठी आयएस ८७५ या मानकात चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन भार धरतात, म्हणजे जवळपास दीडशे किलो. आता मातीचा हिशेब करा. एक चौरस मीटरवर फूटभर माती म्हणजे ३०० लिटर, आणि भिजलेली माती लिटरला पावणेदोन किलोच्या आसपास भरते. हे झालं पाचशे किलो! घराच्या रचनेत हा भार मुळात धरलेलाच नसतो.

पिशव्या किंवा क्रेट वापरा. ते तुळईच्या आणि भिंतीच्या ओळीवर ठेवा, स्लॅबच्या मधोमध नको. खाली विटा देऊन पाण्याला वाट ठेवा. इमारत जुनी असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय काहीच ठेवू नका.

---

गच्चीवर_सुमेधा, १९ मे

बरं झालं विचारलं. वाफा रद्द.

---

पाचोळा, १९ मे

गच्चीवर माती कमीत कमी आणि पाचोळा जास्तीत जास्त, हेच खरं. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी प्रयोग परिवार या चळवळीतून हे कितीतरी वर्षांपूर्वी लोकांना करून दाखवलं. पालापाचोळा, उसाची चिपाडं, स्वयंपाकघरातला ओला कचरा थरांनी भरून कुजवायचा आणि वर थोडी माती. हे मिश्रण वजनाला हलकं आणि मुळांना मोकळं. खालून बसत जातं, त्यामुळे दर महिन्याला वरून भर घालावी लागते.

दुधी आणि भोपळ्याला ४०-५० लिटरची पिशवी हवी आणि एका पिशवीत एकच वेल. दोडकं, कारलं २५-३० लिटरमध्येही चांगलं येतं. लहान कुंडीत दुधी लावला तर वेल वाढतो, फुलतो आणि फळ मात्र बोटाएवढं होऊन पिवळं पडतं. गच्चीत ऊन जास्त, त्यामुळे पाऊस उघडला की रोज पाणी द्यावं लागेल.

---

मृदुला_नाशिक, २ जुलै

माझा उन्हाळी दुधी आणि दोडका सध्या मांडवावर आहेत. वेल जोरदार, पानं तळहाताहून मोठी, फुलंही खूप. पण फूल गळून पडतं आणि फळच धरत नाही. कोणी म्हणतं संप्रेरक फवारा, कोणी म्हणतं ताक घाला. काय करू?

---

राहुरीकर, २ जुलै

मृदुलाताई, काही फवारायच्या आधी फुलाच्या मागे बघा. वेलवर्गात नर आणि मादी फुलं एकाच वेलावर पण वेगवेगळी येतात. मादी फुलाच्या मागे जन्मतःच इवलंसं फळ असतं, दुधीला इवला दुधी, दोडक्याला इवला दोडका. नर फुलाच्या मागे नुसता देठ. सुरुवातीला आठवडा-दोन आठवडे बहुतेक नर फुलंच येतात आणि ती गळतात. ते रोगाचं लक्षण नाही.

त्यातही कडक ऊन, मोठा दिवस आणि जास्त नत्र असेल तर नरांची संख्या वाढते. तळहाताहून मोठी पानं म्हणताय, तेव्हा शेणस्लरी किंवा युरिया चालू असेल तर बंद करा.

दुधीची मादी फुलं मुख्य वेलापेक्षा बाजूच्या फांद्यांवर जास्त येतात. वेल मांडवावर पोचला की शेंडा खुडा. बगलफांद्या फुटतील, त्यांचेही शेंडे खुडले तर पुढच्या फांद्यांवर मादी फुलं लवकर दिसतात.

---

मांडवकर, २ जुलै

राहुरीकरांच्या उत्तराला एक जोड देतो, कारण घोळ बहुतेकदा इथेच होतो. प्रत्येक वेलाच्या फुलाची वेळ वेगळी असते. लोक सकाळी चहा झाल्यावर बागेत जातात आणि सगळ्या वेलांचं परागीभवन एकदमच करू बघतात. तसं जमत नाही.

काकडी, कारलं, तांबडा भोपळा, घोसाळं ही पिवळी फुलं सकाळची. भोपळ्याचं फूल तर पहाटे उमलतं आणि ऊन चढलं की मिटायला लागतं, त्यामुळे त्याचं काम आठच्या आत उरकावं. दोडक्याचं फूल पिवळं असूनही संध्याकाळी उमलतं. दुधी आणि पडवळाची पांढरी फुलंही संध्याकाळची. त्यांच्याकडे मधमाश्यांपेक्षा रात्रीचे पतंग जास्त येतात. शहरात दिव्यांच्या झगमगाटात हे पतंग कमी दिसतात, म्हणून गच्चीवरच्या दुधीला हाताची मदत हमखास लागते.

करायचं एवढंच: ताजं उमललेलं नर फूल देठासकट तोडा, पाकळ्या मागे वळवा किंवा काढून टाका आणि आतला परागांचा भाग मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवा. एका मादीला दोन नर वापरले तर उत्तम. दुधीचं संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास करा, अगदीच राहिलं तर दुसऱ्या दिवशी उजाडताच. पाऊस असेल तर फुलावर कागदाचा छोटा कोन घालून ठेवा. पराग भिजले की कामाचे राहत नाहीत.

---

मृदुला_नाशिक, ९ जुलै

काका, दोडक्याची फुलं संध्याकाळी उमलतात हे आजवर लक्षातच आलं नव्हतं! शनिवारी आणि रविवारी हाताने केलं. तीन दोडके धरलेत, खाली वाकून वाढायला लागलेत. आईला फोन करून सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, आमच्या लहानपणी दोडक्याला फूल आलं की दिवेलागण झाली असं समजायचो."

---

पेडण्याची_लेक (गोवा), १५ जुलै

आमच्याकडे चवथीला गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधतात. तवसं (काकडी), दोडकी, पडवळ, चिबूड, नारळाची पेंड, सुपारीचा घड, रानातली कवंडळं असं सगळं टांगायचं. बाबांचा हट्ट असा की पडवळ सरळच हवं. त्यासाठी ते कोवळ्या पडवळाच्या टोकाला सुतळीने छोटा दगड बांधतात. दगड बोराएवढाच हवा, जड असेल तर फळ देठाशी तुटतं.

यंदा कोवळ्या काकड्या वाकड्या होऊन सडताहेत. कापलं तर आत बारीक पांढऱ्या अळ्या. चवथीला तवसं घरचं मिळेल का?

---

राहुरीकर, १५ जुलै

ही फळमाशी. मादी कोवळ्या फळाच्या सालीखाली अंडी घालते. तिथे टाचणीच्या टोकाएवढं छिद्र दिसतं आणि कधीकधी डिंकासारखा थेंब. अळ्या आत वाढतात, मग जमिनीत जाऊन कोष करतात आणि पुन्हा माश्या होऊन वर येतात.

फळ पिवळं पडलं की सगळेजण फळमाशीवर खापर फोडतात, तेव्हा आधी कापून बघा. आत अळी नसेल आणि फळ अंगठ्याएवढंच असेल तर ते परागीभवन न झाल्यामुळे गेलं. अळी असेल तर माशी. दोघांचे उपाय वेगळे आहेत.

सापळा घेताना आतलं आमिष नीट वाचून घ्या. आंबा-पेरूच्या फळमाशीला मिथाइल युजेनॉल लागतं, वेलवर्गाच्या माशीला क्यू-ल्यूर. दुकानात "फळमाशी सापळा" मागितला की अनेकदा आंब्याचाच हातात पडतो, तो काकडीला लावून काहीच उपयोग होत नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने विकसित केलेला रक्षक सापळा घरीही सहज वापरता येतो. मांडवाच्या उंचीला टांगा आणि आमिष महिना-दीड महिन्याने बदला.

पण सापळ्यात फक्त नर अडकतात. किडलेली फळं रोजच्या रोज गोळा केली नाहीत तर सापळा एकटा पुरा पडत नाही. ती फळं कंपोस्टमध्ये कधीच टाकू नका. घट्ट बंद प्लास्टिकच्या पिशवीत भरून उन्हात ठेवा, नाहीतर दोन फूट खोल पुरा. अधूनमधून वेलाच्या बुंध्याभोवतीची माती वरवर हलवा, म्हणजे कोष उघडे पडतात आणि पक्षी, मुंग्या त्यांचा फडशा पाडतात.

---

मांडवकर, १५ जुलै

पेडण्याच्या ताई, तवशाला कापडी पिशवी घाला. कागद आपल्या पावसात टिकत नाही. जुन्या सुती साडीच्या किंवा ओढणीच्या लांबट पिशव्या शिवायच्या, फूल सुकून गळायला आलं की फळावर चढवायच्या आणि देठाशी सैल गाठ मारायची. परागीभवन होण्याआधी मात्र घालू नका. चवथीला टांगायच्या पाच-सहा फळांसाठी हा सगळ्यांत खात्रीचा मार्ग आहे. फवारणी नको, आणि साल अगदी स्वच्छ राहते.

---

विदर्भवासी, २१ जुलै

आमच्याकडे तांबड्या भुंग्यांनी रोपांची पहिली दोन पानं चाळणीसारखी केली. आजी राख टाकायची. राख सगळ्या वेलांना, सगळ्या आळ्यांत भरपूर घातली तर चालेल ना? राखेत पोटॅश असतं म्हणतात.

---

मांडवकर, २१ जुलै

भुंग्यांना राख उत्तम. सकाळी दवाने पानं ओली असताना चाळलेली लाकडाची राख भुरभुरा, कोळशाची नको. पावसाने धुतली की पुन्हा. रोपाला चार-पाच पानं झाली की भुंग्यांचा धोका फारसा राहत नाही. मी बुंध्यातही मूठभर घालतो.

---

राहुरीकर, २१ जुलै

पानांवर राख ठीक आहे. बुंध्यात घालण्याबाबत मात्र मांडवकरांचा अनुभव विदर्भाला जसाच्या तसा लागू करू नका. कोकणातली जांभ्याची माती आम्लधर्मी, वर पावसाने धुपलेली. तिथे राख चुन्याचंही काम करते, म्हणून वेल खूश. विदर्भ-मराठवाड्यातली काळी माती बहुतेक ठिकाणी मुळातच अल्कधर्मी, कित्येक ठिकाणी चुनखडीची. तिथे राख वाढली की सामू (पीएच) आणखी चढतो आणि वेलाला लोह मिळत नाही. नवी पानं पिवळी पण शिरा हिरव्या असं दिसलं तर समजा की तेच झालंय.

---

मांडवकर, २१ जुलै

हे पटलं. आमच्या मातीचं ज्ञान आमच्या मातीपुरतं. विदर्भवासी, तुम्ही बुंध्यात निंबोळी पेंड आणि शेणखतच घाला.

---

विदर्भवासी, २२ जुलै

समजलं, राख फक्त पानांवर. आणखी एक विचारतो. मांडव विहिरीकडच्या बाजूला आहे, तिथे दुपारनंतर सावली येते. कुठल्या भाज्या चालतील?

---

पाचोळा, २२ जुलै

सकाळचं चार-पाच तास ऊन मिळत असेल तर मायाळू, अळू, तोंडली बऱ्यापैकी येतात. दुधी-दोडक्याला सहा तास तरी हवेत. तोंडलीचं बी शोधत बसू नका, चांगल्या फळणाऱ्या वेलाची पेन्सिलीएवढी जाड काडी आणून लावा. तिचे नर आणि मादी वेल वेगळे असतात, काडी फळणाऱ्या वेलाचीच घेतली की प्रश्न मिटतो. वेल वर्षानुवर्षं टिकतो.

---

एडिसनकर (न्यू जर्सी), २७ जुलै

धागा वाचून अंगणात जाऊन आलो. आमच्याकडे मागच्या अंगणात दुधी, कारली, भेंडी आणि मिरच्या आहेत. इथे हंगाम लहान. रोपं जाळणारं शेवटचं हिमदव मेच्या मध्यापर्यंत पडू शकतं आणि पुन्हा ऑक्टोबरात सुरू होतं. त्यामुळे दुधीचं बी एप्रिलमध्ये घरात, खिडकीपाशी, खाली गरम चटई ठेवून रुजवतो आणि मेअखेरीस बाहेर लावतो. माती थंड असताना लावलेला वेल नुसता बसून राहतो, मागून लावलेला त्याच्या पुढे जातो. इथल्या भोपळ्यांची खोडं पोखरणारी एक अळी आहे, झुकिनीचे वेल तिने एका आठवड्यात आडवे होतात. दुधीला तिचा त्रास बराच कमी, हे आपल्या भाजीचं कौतुक.

माझा अडलेला प्रश्न वालाचा आहे. आईने दिलेल्या वाणाचा वाल मांडवभर पसरतो, पण फुलं येतात सप्टेंबरच्या शेवटी. शेंगा भरायच्या आत थंडी येते. खत कमी करून पाहिलं, फरक नाही.

---

राहुरीकर, २८ जुलै

याचं कारण खतात नाही, दिवसाच्या लांबीत आहे. आपले बहुतेक पारंपरिक वेली वाल-पावटे लहान दिवसाचे आहेत. दिवस पुरेसा लहान झाल्याशिवाय त्यांना फूल येत नाही. आपल्याकडे दसरा-दिवाळीला फुलतात आणि थंडीभर शेंगा देतात, कारण आपल्याला हिमदवाची भीती नाही. न्यू जर्सीत उन्हाळ्याचा दिवस पंधरा तासांचा. वेल वाट बघत राहतो आणि त्याची वेळ येते तेव्हा तुमचा हंगाम संपतो.

दोन मार्ग आहेत. दिवसाच्या लांबीची पर्वा न करणारे बुटके वाण लावा. नाहीतर आईचाच वाण मोठ्या कुंडीत लावून ऑगस्टपासून रोज संध्याकाळी पाच वाजता काळ्या कापडाने झाका आणि सकाळी सातला उघडा. तीन-चार आठवड्यांत कळ्या दिसाव्यात. कष्टाचं आहे, पण आईचं बी जपायचं असेल तर करण्यासारखं आहे.

---

एडिसनकर, २८ जुलै

करणार. कुंडी आजच भरतो. इथल्या मराठी मंडळींना एक सांगणं: भारतातून बी आणताना विमानतळावर ते जाहीर करावं लागतं आणि त्यासाठी लागणारी कागदपत्रं आधीच काढावी लागतात. दुधी, कारली, भेंडी यांचं बी इथेच भारतीय दुकानांत आणि बियाणांच्या कंपन्यांकडे मिळतं, त्यासाठी धोका पत्करू नका.

---

अनघा_सातारा, ३ ऑगस्ट

फळझाडांचं विचारू का? घराशेजारी दीड गुंठा जागा आहे. पपई आणि लिंबू लावायचंय. मागच्या घरी पपईच्या तीन झाडांपैकी दोन नर निघाली होती.

---

पाचोळा, ३ ऑगस्ट

गावठी पपईत नर-मादी झाडं वेगळी निघतात आणि रोप असताना ओळखता येत नाहीत. म्हणून एका खड्ड्यात तीन रोपं लावायची, फुलं आल्यावर मादी ठेवून बाकीची काढायची, आणि परागांसाठी बागेत एखादा नर ठेवायचा. तैवान ७८६ सारख्या वाणात निव्वळ नर झाड येत नाही, तिथे प्रत्येक झाडाला फळ लागतं. पपईच्या बुंध्याशी पाणी साचू देऊ नका, एका दिवसात झाड कुजतं.

लिंबाचं म्हणाल तर कागदी लिंबू बियांपासूनही चांगलं येतं. एकाच बीतून दोन-तीन रोपं निघतात आणि त्यातली बहुतेक आईसारखीच असतात. चार-पाच वर्षं थांबायची तयारी हवी. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं साई सरबती हे वाण रोपवाटिकांत मिळतं. लिंबाच्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी आली तर ती फुलपाखराची. हाताने उचला, कढीपत्त्यावरही तीच असते.

---

गच्चीवर_सुमेधा, २० ऑगस्ट

पहिला दुधी काढला! दोन पिशव्यांत दोन वेल, पाचोळा यांच्या पद्धतीने. पानांवर आता पांढरी पावडर दिसतेय.

---

राहुरीकर, २० ऑगस्ट

अभिनंदन! ही भुरी. पाऊस कमी झाला आणि रात्री गार व्हायला लागल्या की येते. जुनी, मातीला टेकलेली पानं काढून टाका. एक भाग दूध, नऊ भाग पाणी असं मिश्रण उन्हाच्या वेळी आठवड्यातून एकदा फवारा. सुरुवातीला चांगला आळा बसतो. पानांवर शिरांच्या मधे कोनाकोनांचे पिवळे ठिपके आणि खालून राखाडी बुरशी दिसली तर तो केवडा, तो भर पावसातला रोग. त्याला दुधाने काही होत नाही.

---

मृदुला_नाशिक, ४ सप्टेंबर

माझा एक दुधी कडू निघाला. सासूबाई म्हणतात शेजारी कारलं लावलंय म्हणून. उकडून, मीठ लावून खाता येईल का?

---

राहुरीकर, ४ सप्टेंबर

अजिबात खाऊ नका. दुधीतला कडवटपणा कुकुर्बिटासिन या द्रव्यांमुळे येतो. ती विषारी आहेत आणि शिजवून जात नाहीत. कडू दुधीच्या रसाने आपल्या देशात माणसं दगावली आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) तज्ज्ञ समितीनेही बजावलं आहे की रस कडू लागला तर तो पिऊच नये. चिरायच्या आधी प्रत्येक दुधीचा छोटा तुकडा जिभेवर ठेवून बघा, कडू लागला तर थुंकून टाका आणि फळ फेकून द्या. खाल्ल्यावर उलट्या-जुलाब सुरू झाले तर लगेच दवाखान्यात जा.

सासूबाईंना सांगा की कारल्याचा यात संबंध नाही. कारलं आणि दुधी यांचा संकर होत नाही. शिवाय फळाचा गर हा वेलाचा स्वतःचा असतो, बाहेरच्या परागांचा परिणाम पुढच्या पिढीच्या बीत उतरतो. कडवटपणा बीतूनच येतो, किंवा उन्हाचा आणि पाण्याचा ताण पडल्यावर वाढतो. त्या वेलाचं बी मात्र धरू नका.

---

मांडवकर, ४ सप्टेंबर

बियांचा विषय निघालाच आहे तर लिहितो, कारण मला या धाग्यात सर्वांत जास्त याचीच ओढ आहे. पाकिटातलं संकरित बी एका वर्षापुरतं छान, पण त्याच्या फळातलं बी पुढच्या वर्षी तसंच येत नाही. गावठी वाण हाताशी असेल तर तो सोडू नका. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी घरच्या परसबागेतूनच सुरुवात करून घेवडे, वाल, भाज्या आणि भाताचे कितीतरी वाण जपले. ग्रामविकासाचं काम करणाऱ्या बायफ संस्थेची साथ मिळाली, २०२० ची पद्मश्री मिळाली. दारातल्या बागेत हे होऊ शकतं.

शेजारीपाजारी दुसऱ्या जातीचे दुधी असतील तर परागांची सरमिसळ होते. म्हणून दुपारीच बघायचं की संध्याकाळी कुठली कळी उमलणार, ती नर आणि मादी दोन्ही कळी दोऱ्याने टोकाशी बांधायची. संध्याकाळी सोडून हाताने परागीभवन करायचं आणि मादी फूल पुन्हा बांधायचं. त्या फळाच्या देठाला रंगीत दोरा. तेच बियाचं फळ.

---

अनघा_सातारा, ५ सप्टेंबर

एका वेलावर किती फळं बियासाठी ठेवायची? आणि काढायची कधी?

---

मांडवकर, ५ सप्टेंबर

एक, फार तर दोन. बियाचं फळ वेलावर पिकायला लागलं की वेल नवी फळं धरणं कमी करतो, म्हणून खाण्यापुरती भाजी आधी काढून घ्या आणि मधल्या बहरातलं सरळ, निरोगी फळ निवडा. जमलं तर दोन-तीन वेगवेगळ्या वेलांवरचं बी एकत्र करा.

दुधी आणि दोडका वेलावरच पूर्ण वाळू द्या, हलवल्यावर बी खुळखुळलं की काढा. जुने लोक दोडका चुलीवरच्या वाशाला टांगून ठेवत, धुराने कीड लागत नसे. कारलं आणि पडवळ नारिंगी-लाल होऊन उकलायच्या बेतात आलं की काढा. त्यांचा लाल गर हाताने चोळून धुवा आणि बी सावलीत आठ-दहा दिवस वाळवा. दाताने चावल्यावर बी वाकलं नाही, कट्कन तुटलं, तर वाळलं. मग राखेत घोळवून काचेच्या बरणीत भरा आणि बरणीवर वाणाचं नाव, गाव आणि वर्ष लिहा.

आमच्याकडे दोडक्याचा एक आखूड, जाड शिरांचा गावठी वाण आहे. दिवाळीनंतर बी तयार होईल. ज्यांना हवं असेल त्यांनी मला विचारा, पोस्टाने पाठवीन.